सड्यावरून दारात : कोकणी घराभोवतीच्या सदाहरित झुडपांविषयी

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि मिऱ्या-नागपूर महामार्ग एकमेकांना भेटतात. रत्नागिरीत उतरायचं असो, पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं असो की राजापूरमार्गे गोव्याला जायचं असो, वाट इथूनच फुटते. रस्त्यांच्या रुंदीकरणात इथला जांभ्याचा डोंगर उभा कापला गेला, कडेची जुनी झाडं गेली, आणि रस्त्यालगतच्या घरांची खळी आखडली. मागे सरकून बांधलेल्या नव्या घरांपुढे कंपाउंडची भिंत असते, पेव्हर ब्लॉक असतात आणि या दोहोंच्या मध्ये चार-सहा फुटांची मातीची पट्टी उरते.

त्या पट्टीत काय लावावं? आंबा-फणस तिथे मावत नाही. माड लावला तर नारळ आणि झावळ्या पडण्याची धास्ती. मोसमी फुलझाडं आषाढात कुजतात, नाहीतर शिमग्यानंतर करपतात. घरधन्याला हवं असतं ते कमरे-छातीएवढं, बारा महिने पानं धरून राहणारं, खिडकी न झाकणारं, विजेच्या तारांपर्यंत न पोहोचणारं झुडूप. मागणी साधी वाटते. पण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलायचा, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे काढायचे, आणि हे सगळं कातळावरच्या पातळ मातीत करायचं म्हटलं की यादी झपाट्याने लहान होते. हे पुस्तक ती यादी नीट तपासतं. त्याचा दावा असा, की कोकणातल्या दाराला शोभणारं आटोपशीर सदाहरित झुडूप परप्रांतातल्या रोपवाटिकेतून ट्रकने मागवायची गरज नाही. ते गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, शतकानुशतकं उभं आहे.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीसारख्या भागात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथे घरांच्या पायथ्याशी गोलसर, गडद हिरव्या, बारीक पानांची झुडपं दिसतात, आणि त्यांतली पुष्कळशी हॉलीची असतात. नाताळच्या शुभेच्छापत्रांवरची काटेरी पानांची, लाल फळांची हॉली ती वेगळी. ही जपानी हॉली, इलेक्स क्रेनाटा. कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. तिच्या बागायती जाती आता पुष्कळ आहेत. ‘हेलेरी’ वर्षानुवर्षं वाढूनही कमरेच्या वर सहसा जात नाही आणि आडवी पसरते. ‘स्काय पेन्सिल’ उंच होते, पण दोन-तीन फुटांच्या रुंदीत मावते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कॅथलीन मेझर्व्ह या गृहिणीने १९५०च्या दशकात कडाक्याच्या थंडीत तगणाऱ्या हॉलीचे संकर हौसेने सुरू केले, आणि त्यांतून निळसर झाक असलेल्या पानांचा एक नवा गटच बाजारात आला. घरच्या बागेत काम करणारी हौशी माणसं बागायतीला किती पुढे नेऊ शकतात याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण आहे.

जपानी हॉलीची मागणी वाढण्यामागे एक दुखणंही आहे. युरोपातल्या आखीव बागांचा कणा म्हणजे बॉक्सवूड. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याच्यावर पानगळीचा एक बुरशीजन्य रोग आढळला आणि तो पुढे देशोदेशी पसरला. शेकडो वर्षांची कुंपणं उघडी पडली. तेव्हा बागवानांनी तशाच दिसणाऱ्या, पण वेगळ्या कुळातल्या या हॉलीकडे मोर्चा वळवला. एकाच झुडपाच्या रांगाच रांगा लावण्याचा धोका या प्रकरणाने दाखवून दिला. सगळ्या कंपाउंडना एकच सोनेरी ड्युरांटा लावणाऱ्या आपल्याकडच्या वसाहतींनी तो ध्यानात घ्यायला हवा.

मग हातखंब्याला हॉली का लावू नये? तिला आम्लधर्मी, निचऱ्याची माती आवडते आणि तशी माती इथे हवी तेवढी आहे. अडतं ते थंडीपाशी. जपानी हॉलीला हिवाळ्याची विश्रांती लागते, आणि रत्नागिरीत पारा पंधरा अंशांखाली क्वचितच उतरतो. हॉलीच्या पाचशेहून अधिक प्रजाती जगात आहेत आणि त्यांतल्या काही भारतातही आहेत. पण निलगिरीच्या शोला वनांत वाढणाऱ्या आपल्या इलेक्स प्रजाती धुक्यातल्या थंड उंचीच्या आहेत, कातळावरच्या उन्हाच्या नव्हेत. म्हणून हे पुस्तक हॉलीकडून रोप घेत नाही, रीत घेतं. झुडपाचा आकार, त्याचा पोत, घराच्या पायथ्याशी त्याची जागा आणि त्याची छाटणी यांचा तिथे जो बारकाईने विचार झाला, तोच इथल्या झुडपांना लावून पाहतं.

त्या विचाराचा इतिहास लांबचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमन लेखक धाकटा प्लिनी आपल्या तस्कनीतल्या वाड्याचं वर्णन करताना बॉक्सवूड कापून केलेल्या आकृत्यांविषयी लिहितो. सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायमध्ये झुडपांना भूमितीच्या शिस्तीत बसवलं. तिथे झाड म्हणजे रेषा, आणि रेषेबाहेर गेलेली डहाळी म्हणजे चूक. जपानमधल्या कारिकोमी पद्धतीतही कात्री चालते, पण ती डोंगर, ढग, लाटा यांचा भास उभा करण्यासाठी. जपानी हॉली त्या परंपरेतली जुनी मानकरी. याउलट विल्यम रॉबिन्सन या आयरिश बागवानाने १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून रेषांविरुद्ध बंड पुकारलं. झाडाला त्याच्या वळणाने वाढू द्या, जागा मात्र विचारपूर्वक निवडा, असा त्याचा आग्रह होता. आजची स्थानिक वनस्पतींच्या बागांची चळवळ या बंडाचीच पुढची पायरी आहे, फक्त तिच्या मुळाशी सौंदर्याइतकंच पाणी, कीटक आणि पक्षी यांचं भान आहे.

भारतात झुडपांची सगळ्यात अजस्र रांग मिठासाठी लावली गेली. कर चुकवून मीठ नेलं जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात वायव्येकडून मध्य भारतात बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत आणि पुढे पूर्वेकडे एक जकातरेषा आखली. तिच्यावर शेकडो मैल जिवंत काटेरी कुंपण उभारलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम काही काळ या जकात खात्याचे आयुक्त होते. कुंपणात बोर, बाभूळ, निवडुंग यांच्या जोडीला करवंदही होतं. १८७९ मध्ये रेषा मोडली आणि कुंपण नाहीसं झालं. करवंदाची जाळी गुरंच काय, माणसालाही अडवते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला सरकारकडून शिकावं लागलं नव्हतं.

मुंबई इलाख्यात शोभेची बागायत रुजली ती सरकारी बागांतून. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि निकोल डाल्झेल यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी भायखळ्याची राणीची बाग खुली झाली. या बागांनी देशोदेशीची रोपं बंगल्यांच्या आवारात पोहोचवली. त्यांतली काही निमूट राहिली, काही नाही. शोभेची म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलेली घाणेरी आज कोकणातल्या डोंगरउतारांवर कोणाच्या परवानगीशिवाय राज्य करते. नवं झुडूप दारात लावण्याआधी त्याची बी कोण खातं आणि कुठे टाकतं हे विचारायला हवं. हा प्रश्न पुस्तकात जागोजागी येतो आणि तो यावाच.

कोकणी घराची स्वतःची परंपरा मात्र या सगळ्याहून निराळी आहे. इथे ‘शोभेचं झुडूप’ असा वेगळा कप्पा फारसा नव्हताच. जास्वंद गणपतीची, तगर शंकराची, अबोली डोक्यात माळायची, अनंत आणि मोगरा वासाचा. अडुळसा खोकल्याचा, निर्गुडी अंगदुखीची, कढीलिंब फोडणीचा. मागल्या दारी न्हाणीचं पाणी जाईल तिथे केळ आणि अळू. हद्दीला गडगा किंवा वई, आणि वईत गिरिपुष्प, मोगली एरंड, शेर. पुढच्या खळ्यात तुळशीवृंदावन, आणि त्याच्या आसपास मोकळी, सारवलेली जमीन. भात झोडायला, आंबोशी-सोलं वाळवायला, मंडप घालायला ती मोकळीच लागे. घराला बिलगून झुडूप लावण्याची रीत इथे नव्हती याला कारण होतं.

ते कारण म्हणजे फुरसं. जांभ्याच्या कपारीत, दगडांच्या ढिगाखाली, पाचोळ्यात राहणारा हा लहानसा विषारी साप रत्नागिरी जिल्ह्यात इतका होता की इंग्रज सरकारला एकोणिसाव्या शतकात तो मारण्यासाठी बक्षिसं लावावी लागली. आजही पावसाळ्याच्या आगेमागे तो घराच्या पायरीशी सापडतो. दाराजवळ दाट, जमिनीपर्यंत टेकलेलं झुडूप लावण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत सहज मिळतो. तो इथे जसाच्या तसा घेणं धोक्याचं आहे. या पुस्तकातला सल्ला निराळा आहे: दाराच्या आणि वाटेच्या बाजूला झुडपाच्या खालच्या फांद्या वीतभर-हातभर उचलून ठेवा, बुंधा दिसला पाहिजे, पाचोळ्याचं आच्छादन पायरीपासून दूर ठेवा, आणि शोभेचे गोटे भिंतीशी रचू नका. कोकणासाठी लिहिलेलं पुस्तक आणि कोकणात विकलेलं पुस्तक यांतला फरक अशा ठिकाणी कळतो.

आता सड्याकडे वळू. उक्षी, जांभरुण, देवूड, कशेळी अशा गावांच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांमुळे या पठारांकडे अलीकडे जगाचं लक्ष गेलं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पावसाळ्यात याच कातळावर इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, आणि ते पाहायला आता लोक जाऊ लागले आहेत. झुडपांकडे मात्र अजून कोणी थांबत नाही. कातळाच्या भेगांत मुळं घालून उभी असलेली अंजनी, करवंद, पिटकुळी ही त्या जागेची कायमची रहिवासी. वैशाखात सडा भट्टीसारखा तापतो, तेव्हाही त्यांची पानं हिरवी असतात.

अंजनीचा विचार सविस्तर करायला हवा, कारण या पुस्तकाचा गाभा तिच्यात सापडतो. मेमेसायलॉन अंबेलॅटम हे तिचं शास्त्रीय नाव. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर, लाकूड कठीण. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जुन्या फांद्यांवरच निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे घोस लगडतात आणि पुढे काळसर फळं धरतात. महाबळेश्वर-माथेरानच्या सदाहरित रानात ती मुबलक आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्या रानांकडे विज्ञानाचं लक्ष वेधलं. तशा जुन्या राईत अंजनी चांगला वृक्ष होते. तीच अंजनी सड्यावर कमरेएवढी असते, गोलसर, घट्ट, वाऱ्याने एका अंगाला कललेली.

जात एक, रूपं दोन. म्हणजे आटोपशीरपणा नेहमी झाडाच्या रक्तात असतोच असं नाही. मातीची खोली, वारा, गुरांचं तोंड, राबासाठी होणारी टहाळतोड यांनी तो घडतो. बागायतीच्या दृष्टीने यातून दोन मार्ग निघतात. एक मार्ग ‘हेलेरी’चा: मुळातच बुटकी असलेली जात निवडायची. दुसरा सड्याचा: सड्यावर वारा आणि गुरं जे काम करतात ते आपण कात्रीने, उथळ आळ्याने आणि बेताच्या खताने करायचं. पहिला मार्ग सोपा आणि खर्चिक आहे. दुसऱ्याला सबुरी लागते, कारण अंजनी सावकाश वाढते. पण सावकाश वाढणाऱ्या झुडपाला वर्षातून एखादीच छाटणी पुरते, आणि हा हिशेब रोपं विकणारे सहसा सांगत नाहीत. छाटणीची वेळ तेवढी सांभाळायची: जानेवारीत कात्री फिरवली तर त्या वर्षीच्या निळ्या फुलांवर पाणी सोडावं लागतं.

पिटकुळीची गोष्ट वेगळी. काही जण तिला पेंडगूळ म्हणतात, रोपवाटिकेत ती एक्झोरा या नावाने मिळते. लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेली ही दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची रहिवासी दक्षिण कोकणातल्या झाडोऱ्यात आपोआप उगवते. हॉलीशी तिचं कुळाचं नातं काहीच नाही, पण बागेतल्या कामाच्या बाबतीत कोकणाची हॉली म्हणायची तर तिलाच. पान गडद आणि चामड्यासारखं, झुडूप मुळाशी फुटणारं आणि घट्ट, फुलांचे लालभडक गेंद वर्षातला मोठा काळ टिकणारे, आणि आम्लधर्मी मातीची ओढ तशीच. ही ओढ तिच्या आजच्या दुखण्याचं मूळही आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्याशी वर्षानुवर्षं तरारलेली पिटकुळी नव्या सिमेंटच्या भिंतीशी लावली की दोन-तीन वर्षांत पिवळी पडते: पान फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक पाणी वाढवतात, खत घालतात, शेवटी रोप उपटतात. दोष रोपाचा नसतो. सिमेंटमधला आणि बांधकामाच्या पडलेल्या मसाल्यातला चुना पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरतो, मातीची आम्लता घटते आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. उपाय स्वस्त आहे. भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट सोडा, खड्ड्यातला सिमेंटचा राडा पूर्ण काढा, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घाला, आणि पिवळेपणा दिसलाच तर हिराकशीची अगदी सौम्य फवारणी करा. पक्क्या घरांचं प्रमाण वाढत असताना ही एक माहिती घरोघरी पोहोचली तरी पुस्तकाचं निम्मं काम झालं.

एक्झोराची छाटणी हाही असाच दुर्लक्षित विषय. तिला फूल येतं ते फांदीच्या शेंड्याला. दर पंधरवड्याला यंत्राने वरवरची हजामत केली की झुडूप चौकोनी होतं आणि फुलणं थांबतं. सरकारी विश्रामगृहांपुढच्या आणि हॉटेलांच्या आवारातल्या कित्येक एक्झोरा अशा बिनफुलाच्या झाल्या आहेत. एक बहर ओसरला की लांब गेलेल्या फांद्या आतून कापाव्यात. तळाशी झुडूप रुंद आणि माथ्याशी किंचित अरुंद ठेवावं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं.

करवंदाबद्दल कोकणात सांगायला काही उरलेलं नाही असं वाटतं, पण आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२, आजचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची करवंदाची जात दिली आहे. कुंपण, लोणचं आणि पांढऱ्या सुवासिक फुलांचा बहर या तिन्ही गोष्टी एका झुडपात मिळतात. काट्यांमुळे ते दारात नको; हद्दीवर, वाटेपासून दूर हवं.

सड्याबाहेरची, पण अंगणात नांदती झालेली झुडपंही पुस्तकाने टाकून दिलेली नाहीत. चीनकडचा अनंत आपल्या अंगणात इतका रुळला आहे की त्याला परका म्हणवत नाही. तगरीच्या बारीक पानांच्या, ठेंगण्या जाती भांडं-कुंडीपासून कुंपणापर्यंत सगळीकडे चालतात. कामिनीची चकाकती पानं आणि पावसानंतर येणारा पांढरा, दरवळता बहर कोणालाही मोहात पाडेल. तिच्याबाबत एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. लिंबूवर्गीय झाडांना घातक हरितरोग पसरवणारी सायला ही कीड कामिनीवर आनंदाने पोसली जाते. परसात लिंबू, ईडलिंबू असेल तर कामिनी दूर ठेवावी. विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात तर ती न लावणंच बरं.

देशी आणि विदेशी हा वाद आता बागकामातही तावातावाने चालतो. एका टोकाला सगळं परकं उपटून टाका म्हणणारे आहेत, दुसऱ्या टोकाला जे तगतं ते लावा म्हणणारे. पुस्तकाची भूमिका या दोहोंपेक्षा काटेकोर आहे आणि ती पटण्याजोगी आहे. प्रत्येक झुडपाला तीन प्रश्न विचारायचे: ते आपण होऊन रानात पसरतं का, पाण्याशिवाय किती काळ राहतं, आणि कोणाच्या पोटाला लागतं. पहिल्या प्रश्नावर घाणेरी बाद होते. दुसऱ्यावर रोपवाटिकेतली बरीच रंगीत पानांची मंडळी बाद होतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना कळतं की २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी एक्झोराच्या गेंदांवर मध प्यायला येते, आणि करवंदाची फळं खायला बुलबुल पोरांच्या आधी हजर असतात.

दुसरा प्रश्न आज सर्वांत निकडीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली असंख्य घरं वर्षातला बराच काळ कुलूपबंद असतात. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलाबाळांसह येतात. मधल्या काळात झाडांना पाणी घालायला कोणी नसतं. शेजारच्या वयस्क माणसावर तो भार टाकणं बरं नव्हे. ठिबक बसवलं तरी विहिरींचं पाणी एप्रिलमध्ये तळाला गेलेलं असतं. अशा घराला पहिली दोन वर्षं सांभाळलं की पुढे स्वतःच्या मुळांवर उभं राहणारं झुडूपच हवं, आणि तो कस सड्यावर हजारो उन्हाळ्यांनी आधीच लावलेला आहे.

त्याच वेळी सडा मात्र आक्रसतो आहे. चिऱ्याच्या खाणी, सुरुंग लावून केलेल्या कलमबागा, रस्ते आणि दर उन्हाळ्यात पेटणारे वणवे यांखाली ही झुडपं जातात आणि त्यांची कुठे नोंद होत नाही. मोठं झाड तोडलं तर निदान कोणी हटकतं. झुडपाला ‘झाडोरा’ म्हणून साफ केलं जातं. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’पासून डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या ‘फुलवा’पर्यंत मराठीत निसर्गलेखनाची समृद्ध परंपरा आहे, आणि श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने तर घरच्या मूठभर मातीत प्रयोग करायला सामान्य माणसाला शिकवलं. या दोन धारांच्या मध्ये झुडपांसाठी जागा रिकामी होती. वृक्षांवर पुस्तकं झाली, फुलांवर झाली, भाजीपाल्यावर झाली. घराच्या पायथ्याशी कायम उभ्या राहणाऱ्या कमरेएवढ्या हिरव्या झाडावर कोकणी हवामान डोळ्यांपुढे ठेवून कोणी लिहिलं नव्हतं, आणि ही उणीव खरोखर जाणवत होती.

लेखनाची पद्धत सांगायला हवी. पुस्तक झुडपांची वर्णानुक्रमे जंत्री देत नाही, ते जागेपासून सुरुवात करतं. पागोळ्यांखालची जागा, चिऱ्याच्या गडग्याची जागा, सिमेंटच्या भिंतीची, माडाच्या सावलीची, रस्त्याच्या धुळीची, उघड्या कातळाची. कोणत्याही घराभोवती या जागा असतातच, आणि एकाच अंगणात त्यांचा स्वभाव दहा पावलांवर बदलतो. पागोळ्यांची धार रोपाच्या बुंध्यावर पडली तर श्रावण संपेपर्यंत मुळं उघडी पडतात. तिथे झुडूप धारेच्या बाहेर, किंचित उंचवट्यावर हवं. कातळात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणला आणि त्याला पाणी निघायला वाट ठेवली नाही, तर पावसाळ्यात त्याची टाकी होते. माती भरण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जिरतं हे पाहावं, एवढी साधी चाचणी कित्येक रोपं वाचवेल. लावणी मृगाच्या पहिल्या सरींनंतर करावी, आच्छादन पाऊस सरल्यावर घालावं आणि वाळवीसाठी बुंध्यापासून चार बोटं सोडून घालावं. या सूचना कोकणातल्या आंबा-काजूच्या बागायतदाराला नव्या नाहीत. त्या फुलझाडांना आणि झुडपांना लागू करायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

रोपं कुठून आणायची हा प्रश्न शिल्लक राहतो. एक्झोरा, तगर, अनंत, कामिनी सर्वत्र मिळतात. अंजनी क्वचित मिळते, कारण ती कोणी मागत नाही. इथे वाचकावर एक जबाबदारी येते. सड्यावरची रोपं उपटून आणू नयेत: भेगेत खोल गेलेलं मूळ तुटतं, रोप दारात जगत नाही, आणि सड्यावरची जागा रिकामी होते. पिटकुळीला पावसाळ्यात गुटी बांधता येते, जून फाटेही लागतात. अंजनीचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं. ते साठवून ठेवता येत नाही.

हातखंबा, पाली, निवळी, नाणीज या पट्ट्यातल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर एका पावसाळ्यात गावोगाव छोट्या रोपवाटिका सुरू होऊ शकतील. पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेली पिकली अंजनीची फळं ओंजळभर गोळा करा, गर धुऊन काढा, आणि त्याच आठवड्यात लाल माती व कुजलेल्या पाचोळ्याच्या मिश्रणात सावलीला पेरा. पहिलं वर्ष रोपं बोटाएवढी राहतील. तेवढी कळ काढावी, आणि तयार झालेली रोपं शेजाऱ्यालाही द्यावीत.